हर्णैच्या बोटी आणि धनजचं इंजिन

कोकणात जाऊन आलेली बाई परत आली की काय सांगते? समुद्र किती निळा होता, उकडीचे मोदक कसे होते, कुठल्या देवळात किती पायऱ्या होत्या. मीही हे सगळं पाहिलं, खाल्लं, चढले. पण आज त्यातलं फारसं सांगणार नाही. मी सांगणार आहे बंद करून ठेवलेल्या इंजिनांबद्दल. हसू नका. माझ्या स्वतःच्या घरात एक इंजिन बंद ठेवताना चूक झाली होती, ती चूक माझ्या हातची होती, आणि पुढे नऊ-दहा महिने ती मी कोणाजवळ बोलले नव्हते.

आधी आमच्या गावाबद्दल थोडं. आमचं धनज बुद्रुक वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात आहे. मी तिसरीत होते तेव्हा भूगोलाच्या पुस्तकात आमचा जिल्हा अकोला होता. तो पाठ करून होतो न होतो तोच १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि आमची सगळी मेहनत पाण्यात गेली. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन, कुठे कुठे संत्र्याची बाग. कारंजा म्हटलं की तुम्हाला नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान आठवेल, गुरुमंदिर आठवेल. आमच्या मागच्या पिढीला मात्र आधी आठवते ती यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला गाडी. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी घातलेला तो अरुंद रुळांचा मार्ग आता कित्येक वर्षं बंद आहे. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. आमच्या गावातल्या पुष्कळ बायकांनी तो फक्त टीव्हीवर पाहिला आहे.

आमच्या विहिरीवर विजेची मोटर आहे. पण शेतीची वीज ठरलेल्या तासांची, त्यातही कधी रात्रीची. म्हणून सासऱ्यांच्या वेळचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन आम्ही अजून ठेवलेलं आहे. विहिरीजवळ टिनाचं छप्पर आहे, त्याखाली ते बसवलेलं. त्याच्या धुराचा पाइप छपरातून वर आभाळाकडे तोंड करून उभा. सासऱ्यांनी त्या पाइपच्या तोंडावर नेहमी एक पत्र्याचा डबा उपडा घालून ठेवायची सवय लावलेली होती. काम झालं की डबा वर, काम असलं की डबा खाली.

२०२३ च्या मे महिन्यात मी तुराट्या आणायला शेतात गेले होते. पाइपवरचा डबा चांगला जाड पत्र्याचा दिसला. घरी गुलाबाचं कलम लावायला मला तसाच डबा हवा होता. काढला आणि घेऊन आले. मनात होतं की दुसरा एखादा फुटका डबा नेऊन घालू. तेवढंच राहून गेलं. घरातल्या बाईच्या डोक्यात एका वेळी किती गोष्टी असतात ते तुम्हाला काय सांगू! त्यात मी शाळेत तासिकेवर शिकवते, तेव्हा जून उजाडला की पाठ्यपुस्तकं, मुलीची दप्तरं आणि पेरणी हे सगळं एकदम अंगावर येतं.

जून-जुलैत पाऊस पडला. मग ऑगस्ट कोरडा गेला. तुम्हाला आठवत असेल, १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरात इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही असं त्या वर्षी हवामान खात्याने सांगितलं होतं. कपाशीला पाती धरलेली आणि वर ढग नाही. नेमकी त्याच वेळी आमच्या शिवारातली डीपी जळाली. मोटर बंद. यजमान म्हणाले, काही हरकत नाही, इंजिन आहे. हँडल लावलं. हँडल हलेना. दोघांनी जोर लावला तरी हलेना. मिस्त्री आला, त्याने वरचं झाकण उघडलं आणि आत बोट फिरवून दाखवलं. बोटाला तांबडा गंज. पावसाचं पाणी धुराच्या पाइपातून सरळ आत उतरलं होतं आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटून बसल्या होत्या.

"वाऱ्यानं डबा उडाला असंल," यजमान म्हणाले. मी गप्प राहिले.

दुरुस्तीला नऊ दिवस लागले आणि चौदा हजार रुपये. नऊ दिवसांत दोन एकरांतली पाती गळून गेली. चौदा हजारांतले अकरा हजार माझे होते. बी. एड. ला प्रवेश घ्यायचा म्हणून तीन वर्षं थोडे थोडे साठवलेले. बी. ए. वर तासिकाच मिळते, कायमची नोकरी मिळत नाही. ते पैसे मी कपाटातून काढून यजमानांच्या हातात दिले तेव्हा ते म्हणाले, "तुये पैसे राहू दे." मीच म्हटलं, घ्या. त्यांना वाटलं बायको किती समजूतदार आहे. माझं मला माहीत होतं. घरामागे त्या डब्यात गुलाबाला दोन कळ्या आल्या होत्या.

तर ही झाली पाटी. आता हर्णै.

माझ्या नणंदबाई दापोलीला असतात. त्यांचे यजमान नोकरीनिमित्त तिकडे गेले ते तिकडचेच झाले. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालचं, तेव्हापासून आमच्याकडची पुष्कळ मंडळी तिकडे जात-येत असतात. ताई दरवर्षी बोलवायच्या, आणि दरवर्षी आमची मशागत आडवी यायची. २०२४ च्या मेमध्ये यजमान म्हणाले, तुम्ही मायलेकी जाऊन या, मी इथं पाहतो. मूर्तिजापूरहून रात्रीच्या गाडीने कल्याण, तिथून पनवेल, पनवेलहून कोकण रेल्वेने खेड आणि खेडहून एस. टी. ने घाट चढून दापोली. मुलगी बोगदे मोजत होती. मी मात्र घराला कुलूप नीट लावलं का ते आठवत होते, हा आपला बायकांचा प्रवास!

हर्णै बंदर दापोलीहून पंधरा-सोळा किलोमीटर. पाण्यात समोरच सुवर्णदुर्ग उभा. कान्होजी आंग्र्यांच्या नावाशी जोडलेला हा किल्ला १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतला, हे मी वर्गात शिकवलं आहे. पण तो इतका जवळ, हाक मारली तर ऐकू जाईल असा असेल असं वाटलं नव्हतं. किनाऱ्यावर कनकदुर्ग, त्याच्यावर दीपगृह. संध्याकाळी मासळीचा लिलाव. बोटींतून उतरवलेली मासळी आणायला बैलगाड्या सरळ समुद्राच्या पाण्यात शिरतात. आमच्याकडचे बैल नाल्याला पूर आला तर पाऊल टाकत नाहीत, आणि हे पोटापर्यंत लाटांत उभे! वासाचं म्हणाल तर पहिल्या दिवशी पदर नाकाला होता, तिसऱ्या दिवशी पदर कमरेला.

आम्ही गेलो ते दिवस घाईचे होते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या राज्याच्या समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचे दिवस आणि वर दर्याही खवळलेला. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या बंदरावर एकच काम चाललेलं: बोटी किनाऱ्याला घेणं आणि शाकारणं. शाकारणं हा शब्द आपण घराच्या कौलांसाठी वापरतो. इकडे बोटही शाकारतात. पूर्वी नारळीच्या झावळ्यांची झापं विणून त्यांनी झाकत, आता बहुतेक ठिकाणी ताडपत्री आणि प्लास्टिक. हर्णैचं बंदर उघडं, पावसाळ्यात आसरा कमी. म्हणून काही बोटी जवळच्या आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन ठेवतात, काही वाळूवर वर ओढतात.

ताई ज्यांच्याकडून मासळी घेतात त्या काकी त्यांच्या मैत्रीणच झाल्या आहेत. साठीच्या, नऊवारी घट्ट कासोटा मारलेल्या, हातभर बांगड्या. आम्हाला त्या आपली बोट दाखवायला घेऊन गेल्या. मला वाटलं चहा वगैरे होईल आणि परत येऊ. पण बोटीवर काम चाललेलं होतं, मुलगा इंजिनाशी, धाकटा भाऊ तळाशी, आणि काकी सगळ्यांवर. मी एका टेकूला टेकून उभी राहिले ती दोन तास तिथेच.

उधाणाच्या भरतीला बोट जितकी वर येईल तितकी आणतात. मग ओहोटी लागली की ती वाळूवर बसते, आणि पुढच्या भरत्यांना लाकडी ओंडक्यांवरून दोर लावून आणखी वर ओढतात. दोन्ही बाजूंनी टेकू. मोठ्या बोटींना आता यंत्रंही लावतात. बोट कोरडी झाली की तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे. ते काम पाहताना मला मुळीच कंटाळा आला नाही. भांड्याला लागलेली करपी खरवडताना जो आवाज येतो ना, अगदी तोच!

लाकडी बोटीच्या फळ्यांच्या सांध्यांत जिथे भेग दिसते तिथे तेलात भिजवलेला कापूस छिन्नीने ठोकून बसवतात. काकींचा धाकटा दीर ते करत होता. पिंजलेल्या कापसाची लांब वात वळायची, तेलात बुडवायची, भेगेत घालायची आणि ठोकायची. कापूस पाण्याने फुगतो आणि भेग घट्ट बसते. मी वाकून पाहिलं. म्हटलं, हा आमच्याकडचा असेल का? तो म्हणाला, दुकानातला आहे, कुठला ते काय माहीत. मला मात्र तो हातात घेऊन धागा ओढून पाहिल्याशिवाय राहवलं नाही. आम्ही वेचणी करताना "आता हा जाणार कुठे" असा विचार कधी करत नाही. गाठोडं जिनिंगवर गेलं की आमच्यापुरतं संपलं. वरून लाकडाला काजूच्या टरफलांचं काळं तेल देतात. त्याने कीड लागत नाही. ते तेल हाताला लागलं तर कातडी भाजते, तेव्हा लांबूनच पाहावं.

हल्ली फायबरच्या बोटीही पुष्कळ आहेत, त्यांना हे सगळं लागत नाही. पण इंजिन सगळ्यांना आहे, आणि काकींच्या मते खरी काळजी तिथेच. त्यांच्या सासऱ्यांच्या तरुणपणी बोट शिडावर चालायची. तेव्हा पावसाळ्याची तयारी म्हणजे डोलकाठी उतरवायची, शीड गोड्या पाण्यात धुऊन वाळवायचं आणि घराच्या माळ्यावर टाकायचं. उंदरांपासून ते जपलं की झालं. "शिडाला उंदीर खातो, इंजिनाला मीठ खातं," काकी म्हणाल्या.

हे मीठ कसं खातं ते त्यांच्या मुलाने मला समजावलं. आय. टी. आय. शिकलेला मुलगा, सांगण्याची हौस मोठी. इंजिन तापतं, त्याला थंड ठेवायला पाणी लागतं. बोट पाण्यातच, म्हणून समुद्राचंच पाणी पंपाने ओढून फिरवतात आणि बाहेर सोडतात. चालू असेपर्यंत ठीक. पण दोन महिने बंद ठेवताना ते खारं पाणी आत राहिलं तर ते हळूहळू सुकतं, मीठ नळ्यांत धरतं आणि लोखंड झिजतं. म्हणून आधी पाणी ओढणारी नळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडायची आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवायचं. पिंप भरत राहायचं. आतून सगळं मीठ धुऊन निघालं की इंजिन बंद, आणि खालची चावी उघडून ते गोडं पाणीसुद्धा शेवटच्या थेंबापर्यंत सोडून द्यायचं. पंपाच्या आत रबराचं पातीपाती असलेलं चक्र असतं, ते काढून घरी न्यायचं. तसंच ठेवलं तर पाती वाकून राहतात आणि हंगामाला पाणी ओढत नाहीत. थंड करण्याच्या मार्गात जस्ताचा एक तुकडा बसवतात. खारं पाणी आधी त्याला खातं आणि लोखंड वाचतं. तो किती उरला ते पाहून नवा घालायचा. त्याने जुना तुकडा माझ्या हातावर ठेवला. उंदराने कुरतडलेल्या साबणासारखा दिसत होता.

मग तेल. इंजिन गरम असतानाच जुनं तेल काढायचं, म्हणजे तळाचा गाळ त्याच्याबरोबर येतो. पुष्कळ लोक म्हणतात, हंगामाच्या तोंडावर नवं तेल घालू, आता कशाला खर्च? पण जळालेल्या तेलात आम्ल असतं, ते दोन महिने आतल्या भागांना लागून राहतं. नवं घालून दोन मिनिटं फिरवून मगच बंद. डिझेलच्या टाकीवरून मायलेकांत थोडी वादावादी झाली. मुलगा म्हणे टाकी काठोकाठ भरलेली असावी, म्हणजे आत हवा राहत नाही आणि तिच्यातली दमट वाफ टाकीत पाणी होऊन उतरत नाही. काकी म्हणे, दोन महिने मिळकत नाही आणि शेकडो लिटर डिझेल टाकीत कुजत ठेवू? पूर्ण रिकामी कर, पुसून कोरडी कर. पुस्तकाप्रमाणे मुलाचं बरोबर. पण घर चालवणारी मी असते तर मीही काकींचंच केलं असतं.

बॅटऱ्या काढून घरी. ओल्या फरशीवर नाही, लाकडाच्या फळीवर, आणि महिन्यातून एकदा चार्ज. टोकांना व्हॅसलिन. पट्टे सैल. बर्फाचा खण धुऊन, झाकण उघडं. पिण्याच्या पाण्याची टाकी पालथी. काकी म्हणाल्या, झाकण लावून ठेवली तर नारळी पौर्णिमेला उघडताना नाक धरावं लागतं.

सगळ्यात शेवटी मुलाने काय केलं, तर एक लाकडी बोंडा घेतला, त्याला तेलकट फडकं गुंडाळलं आणि धुराच्या पाइपच्या तोंडात ठोकून बसवला. वर प्लास्टिक, वर सुतळी. मी न राहवून विचारलं, "हे विसरलं तर?"

"मग काय," तो म्हणाला, "पाणी खाली उतरणार. इंजिनाची झडप उघडी राहिली असेल तर थेट सिलिंडरमध्ये." आणि पुढे त्याने जे सांगितलं ते माझ्यासाठीच सांगितल्यासारखं होतं. तुमच्याकडे विहिरीवर एका सिलिंडरचं इंजिन असतं ना, तर ते बंद ठेवताना हँडलने हळूहळू फिरवा. एका जागी ते जड लागतं, दाब धरतं. तिथे सोडून द्या. त्या जागी हवेची आणि धुराची, दोन्ही झडपा बंद असतात. मग चुकून वरून पाणी आलं तरी दारातच अडतं.

माझा चेहरा काकींनी पाहिला असावा. ताई मुलीला घेऊन शिंपले वेचायला गेल्या होत्या. काकींनी विचारलं, "वयनी, काय झालं?" आणि काय सांगू तुम्हाला, ज्या बाईला मी त्या दिवसापूर्वी पाहिलं नव्हतं तिला मी डब्याची सगळी गोष्ट सांगितली. गुलाबासकट. काकी हसल्या नाहीत आणि मला समजावलंही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की घो काय म्हणाला? म्हटलं, त्यांना माहीतच नाही. त्यावर त्या जरा गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा बोटी नुकत्या वर घेतलेल्या होत्या, झाकण बांधायची पाळी त्यांची होती आणि त्यांनी गाठ सैल मारली होती. ताडपत्री गेली ती कुठे सापडली नाही. बोट पाण्याने भरली. "आम्ही सांगून टाकलं त्याच रात्री. घराचे पत्रे उडाले होते, कोण रागावणार?"

रात्री ताईंच्या घरून मी माझ्या मामेबहिणीला फोन लावला. ती अमेरिकेत मिशिगनला असते. तिच्या शेजाऱ्यांची शिडाची बोट आहे, तेव्हा तिकडे हे काय करतात ते विचारावं म्हटलं. ती म्हणाली, आमच्याकडे पावसाची नाही, थंडीची भीती. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं. इंजिनात पेलाभर पाणी राहिलं तरी ते लोखंडाला भेग पाडतं. म्हणून ऑक्टोबरात बोटी क्रेनने वर काढतात, आणि इंजिनातलं पाणी सोडल्यावर न गोठणारं द्रव इंजिन चालू ठेवून त्यातून फिरवतात, धुराबरोबर ते बाहेर पडायला लागेपर्यंत. त्यांच्या बोटीत छोटं स्वयंपाकघर, नळ, गरम पाण्याची टाकी, शौचकूप सगळं असतं. पिण्याच्या नळांसाठी वेगळं, विषारी नसलेलं गुलाबी द्रव मिळतं. पाण्याची टाकी रिकामी करायची, गरम पाण्याची टाकी सोडवून वेगळी करायची, आणि एकेक नळ उघडायचा. नळातून गुलाबी धार आली की तो बंद, पुढचा नळ. शेजारीणबाई म्हणे एकदा एक नळ विसरली, मागच्या बाजूचा, पाय धुण्याचा. वसंतात बोट पाण्यात सोडली आणि भिंतीच्या आतून पाणी! म्हटलं, जगभर बायका एकच नळ विसरतात वाटतं. बहीण म्हणाली, अगं, तो नळ तिचा नवरा विसरला होता, ती आपली स्वतःकडे घेते.

तुम्ही शहरात राहणाऱ्या मैत्रिणी म्हणाल, आमच्याकडे ना बोट ना इंजिन. कूलर तर आहे? आमच्या विदर्भात तो घरोघरी आहे, आणि पहिला पाऊस पडला की लोक त्याची पिन काढतात आणि तसाच खिडकीत सोडून देतात. तळाशी चार बोटं पाणी, त्यात डास. पुढच्या मार्चमध्ये पंप घरघरतो आणि पत्र्याला भोक. पाणी पूर्ण सोडा. आमच्याकडचं पाणी जड, तळाला पांढरा क्षार धरतो. तो लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर भिजवला की घासायला सोपा जातो. पंप काढून साध्या पाण्यात दोन मिनिटं चालवा, मग पुसून, वाळवून, कागदात बांधून कपाटात ठेवा. गवत किंवा लाकडाचा भुसा काढून टाका, वाळलेला वाटला तरी आत कुबट असतो. पंख्याला तेलाचा थेंब. आणि झाकताना प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत दमट कोंडते. जुनी चादर बरी. काकींनीसुद्धा बोटीच्या ताडपत्रीची दोन्ही टोकं वाऱ्याला उघडी ठेवली होती. हे सगळं करताना आधी पिन काढा, हे सांगायला नको.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही धनजला परत आलो. पेरणीला अजून अवकाश होता. माझ्या पिशवीत आंबापोळी, कोकम, मुलीचे शिंपले आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक लाकडी बोंडा. काकींच्या मुलाने आमच्या पाइपचं माप अंदाजानेच विचारून तासून दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यजमानांबरोबर शेतात गेले. इंजिनाच्या पाण्याची चावी उघडली. तांबूस, क्षाराचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. दोन बादल्या स्वच्छ पाणी वरून ओतलं, तेही सोडून दिलं. तेल यजमानांनी बदललं. हवा घेण्याच्या तोंडातून मी दोन चमचे नवं तेल सोडलं आणि त्यांना म्हटलं, आता हळू फिरवा, सुरू करू नका, नुसतं फिरवा. जिथे जड लागेल तिथे थांबा.

"हे कोन शिकवलं तुले?"

"हर्णैच्या काकींच्या पोरानं."

त्यांनी फिरवलं, जड लागलं तिथे थांबले. मी बोंड्याला तेलकट फडकं गुंडाळलं, ते छपराशी शिडी लावून वर चढले आणि पाइपात तो ठोकला. थोडा मोठा झाला, कोयत्याने तासावा लागला. ते वर असतानाच मी खालून सांगितलं. तोंड दिसत नव्हतं म्हणून सोपं गेलं. म्हटलं, मागच्या वर्षी डबा वाऱ्यानं नव्हता उडाला. मी नेला होता.

वरून ठोकण्याचा आवाज थांबला नाही. दोन-तीन ठोके झाले. मग ते म्हणाले, "मले माहीत आहे. पोळ्याच्या दिवशी पाह्यला मी तो डबा. गुलाब चांगला आला त्यात."

"मग बोलला का नाही?"

"तू पैसे देऊन बसली होती. आता काय बोलू?"

ते खाली उतरले, हात पुसले आणि मटक्यातलं पाणी प्याले. मला राग आला, की नऊ महिने मी एकटीनेच ओझं वाहिलं. आणि रडूही आलं. पण दोन्ही गिळून मी शिडी धरली, कारण ती परत शेजाऱ्यांकडे पोचवायची होती.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला आम्ही बोंडा काढला. इकडे त्या दिवशी आम्ही राखी बांधतो, समुद्राला नारळ वाहायला आमच्याजवळ समुद्र नाही. यजमानांनी हँडल मारलं, दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. आधी तेलाचा पांढरा धूर आला, मग साफ. मी काकींना फोन करून तो आवाज ऐकवला. त्यांच्याकडेही त्याच आठवड्यात बोटी पाण्यात गेल्या होत्या, मागे इतका गलका होता की आमचं इंजिन त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. "चाललं ना? चाललं ना?" एवढंच त्या ओरडत होत्या.

बी. एड. चे पैसे पुन्हा साठवते आहे. निम्मे झाले. गुलाबाचा डबा तळाला गंजून फुटला, तेव्हा त्याला आता मातीची कुंडी आणली आहे.